गार्डअक्कांचा डबा

भालकीच्या फाटकाजवळ मालगाडी आली की सगळ्यांच्या माना इंजिनाकडं वळत. इंजिन गेलं की मोटारसायकलवाले किक मारायच्या तयारीला लागत, उसाचे ट्रॅक्टरवाले बिडी विझवत, आणि मधले ते सारखे दिसणारे डबे कुणी बघत नसे. गार्डअक्का मात्र तेव्हाच पदर सावरून दोन पावलं पुढं येत. सगळ्यात मागं लाल पाटी लावलेला गार्डचा छोटा डबा यायचा. तो नजरेआड होईपर्यंत त्या मान हलवत नसत. मी भालकीत नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, "अक्का, इंजिन बघत नाही का हो तुम्ही?"

"इंजिनात माझं कोण हाय?" त्या म्हणाल्या आणि भाजीची पिशवी उचलून चालायला लागल्या.

मी उदगीरची. लग्नानंतर भालकीला आले, इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि आमचं भाड्याचं घर नेमकं त्यांच्या भिंतीला भिंत लागून होतं. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, मालगाडीवर गार्ड होते. त्यांचं मुख्य ठिकाण परळी. घरी म्हातारी आई होती, थोडं शेत होतं, म्हणून अक्का भालकीतच राहिल्या. बढती घेतली तर लांब जावं लागेल, म्हणून अण्णांनी ती नाकारली आणि शेवटपर्यंत मालगाडीवरच काढलं. सुट्टीला घरी आले की ते अंघोळ करत, जेवत आणि झोपत. बोलणं नाहीच. अक्का ताट वाढता वाढता विचारायच्या, "कसं असतंय ओ तुमच्या डब्यात?" अण्णा म्हणायचे, "काय असायचंय? डबा असतो. मी बसतो. गाडी जाते."

अक्कांचं माहेर हुलसूरकडचं. शिक्षण सातवीपर्यंत. पण शिवणकामात त्यांचा हात इतका नेमका होता की बीदरला दिलेल्या मुलीसुद्धा ब्लाउज शिवायला भालकीत येत. त्या यंत्रावर बसल्या की बाजूला गप्पा मारत बसायची मला सवयच लागली होती. रेल्वेचे छोटे डबे करायच्या त्यांच्या दुसऱ्या कामाची सुरुवात कशी झाली, तेही त्यांनी तिथंच एका दुपारी सांगितलं.

एकदा अण्णांची गाडी भालकीत बाजूच्या रुळावर बराच वेळ थांबवून ठेवली होती. कुणीतरी निरोप दिला. अक्का गरम भाकरी आणि तुरीची आमटी घेऊन धावत गेल्या. अण्णा डब्याच्या ओट्यावर उभे होते. पायऱ्या उंच होत्या. अक्का म्हणाल्या, "वर येऊ का? आत बघते जरा." अण्णांनी वाकून जेवणाचा डबा घेतला, आधीच्या खेपेचा रिकामा डबा खाली दिला आणि म्हणाले, "रूल न्हाई." तेवढ्यात सिग्नल पडला. अक्का खाली खडीत उभ्या राहिल्या आणि गाडी गेली.

"नवरा दिवसाचे दिवस जिथं राहतोय, ती खोली मी बघितलीच न्हाई," अक्का म्हणाल्या. "लोकांच्या बायका नवऱ्याचं हापिस बघून येतेत. मग म्हणलं, हे न्हाई दाखवत तर आपणच करून बघू."

पहिला डबा त्यांनी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचा केला. तो त्यांना पसंत पडला नाही. मग भालकीच्या यार्डात कधी एखादा गार्डचा डबा एकटाच उभा असला, की त्या शिवणाची टेप घेऊन जात. स्टेशनातली माणसं आधी हसली, मग ओळखीची झाली आणि बाहेरून मापं घेऊ द्यायला लागली. वर चढायची परवानगी मात्र कुणी आपणहून दिली नाही, आणि पुन्हा "रूल न्हाई" ऐकायचं नव्हतं, म्हणून अक्कांनीही ती मागितली नाही. प्रमाण त्यांनी स्वतःच ठरवलं: फुटाला पाव इंच. ब्लाउजसारखंच आधी वर्तमानपत्राच्या कागदावर बेतायचं, कापायचं, जोडून बघायचं, आणि मग तेलाच्या डब्याचा पत्रा. "शिलाई चुकली तर उसवता येते," त्या म्हणायच्या, "पत्रा एकदा कापला की कापला."

त्यांच्या हातून डबा कसा तयार होतो, हे बघत बसणं मला फार आवडायचं. खऱ्या डब्याच्या अंगावर रिव्हेटच्या गोल टिकल्या असतात. त्यासाठी त्या पत्र्याची पट्टी गोधडीवर उलटी ठेवून बोथट सुईनं मागून एकेक टिंब दाबत. पट्टी सुलटी केली की समोर टिकल्यांची सरळ रांग उठलेली असे. ओट्याचे कठडे मोडक्या छत्रीच्या काड्यांचे. पायऱ्या पत्रा दुमडून केलेल्या. डाख द्यायचा कैया, म्हणजे सोल्डरिंगची सळई, त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुना घेतला होता. तो तापला की त्या बोलायच्या थांबत. ओठ घट्ट मिटून, श्वास धरून त्या सांध्यावर कथलाचा थेंब सोडत, आणि तो पसरून चकाकला की "हं" म्हणून माझ्याकडं बघत.

चाकं मात्र घरात होईनात. बाजारामागं लेथ चालवणारे एक खरादवाले चाचा होते. त्यांच्याकडं अक्का पितळेची सळई घेऊन गेल्या तेव्हा मी बरोबर होते. चाचांनी कागदावरचं माप बघितलं आणि म्हणाले, "अक्का, इत्ता छोटा चक्का कायको? बच्चों का खिलौना है क्या?"

"खिलौना न्हाई चाचा, आमच्या मालकाचं हापिस हाय," अक्का म्हणाल्या.

चाचा हसले नाहीत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि ती चाकं कातून दिली. अक्कांनी ती पाटावर ठेवून बोटानं ढकलली. एक चाक जरासं डुलत होतं. ते तिथल्या तिथं परत दिलं. चाचांनीही वाद न घालता दुसरं केलं.

हळूहळू कोळशाचे उघडे डबे झाले, मळीची टाकी झाली, फाटकाची केबिन झाली, तिच्या दारात फाटकवाल्याची बाज झाली. समोरच्या घरातल्या पोरीनं एकदा त्यात प्लास्टिकची गाय आणून ठेवली. अक्कांनी ती उचलून परत दिली. "तुझी गाय लई छान हाय बाई," त्या म्हणाल्या, "पण ती माझ्या डब्याएवढी हाय. तिला बघून गार्ड भिऊन पळून जाईल." गल्लीतले लोक विचारत, "अक्का, इंजिन कधी करताव?" त्या म्हणत, "सगळे इंजिनच करतेत." काहीही केलं तरी थोड्या दिवसांनी त्या पुन्हा गार्डच्या डब्याकडं वळत. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा सरस. शेवटचा जो केला, तो गडद तांबड्या रंगाचा, पावसापाण्यानं कडांना थोडा गंजलेला दाखवलेला, तो मी शाळेतल्या सहकाऱ्यांना फोनवर दाखवला तेव्हा त्यांना तो खऱ्या गाडीचाच फोटो वाटला.

त्या डब्याचं छत त्यांनी उचलता येईल असं ठेवलं होतं. छत काढलं की आत काहीच नव्हतं. चार भिंती आणि तळ.

"आतलं तेवढं राहिलं," अक्का म्हणायच्या. "ते मला म्हायतीच न्हाई."

मी एकदा म्हटलं, "अक्का, फोनवर शोधलं तर आतले फोटो सापडतील." त्यांनी मान हलवली. "कुणाच्याबी डब्याचे फोटो काय करायचेत पोरी? मला ह्यांचा डबा पायजे. हे कुठं बसत होते, जेवणाचा डबा कुठं ठेवत होते, पाय कुणीकडं करून झोपत होते, ते ह्यांनाच म्हायती."

अण्णा निवृत्त होऊन घरी आले तेव्हा अक्कांना वाटलं, आता सांगतील. त्या रोज काहीतरी विचारायच्या. बाक कुठल्या बाजूला होता? पाणी कशात ठेवत होतात? अण्णा "आठवत न्हाई" म्हणून पेपर तोंडापुढं धरायचे. एका दुपारी मी वाटीभर साखर मागायला गेले आणि दारातच थबकले. अक्का हातात तो डबा घेऊन उभ्या होत्या आणि अण्णांचा आवाज चढला होता. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"माझं अर्धं आयुष्य गेलं त्या डब्यात. सुटलो म्हणलं, तर तू तोच डबा घरात आणून ठिवलीस. कामून माझ्या मागं लागलीस?"

अक्कांनी डबा कपाटात ठेवला आणि मला साखर काढून द्यायला लागल्या. त्यांनी वाटी इतकी गच्च भरली की साखर खाली सांडली. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं.

मी सहकाऱ्यांना पाठवलेले फोटो फिरत फिरत हैदराबादच्या एका गृहस्थांपर्यंत पोचले. त्यांना अशा छोट्या गाड्यांचा नाद होता. ते मुद्दाम भालकीला आले, अक्कांच्या घरात खाली चटईवर मांडी घालून बसले आणि प्रत्येक डबा दोन्ही हातांनी उचलून बघितला. फुटाला पाव इंच हे ऐकून ते एकदम खूश झाले. "जगभर पुष्कळ लोक हेच माप धरतात, अक्का," ते म्हणाले. अक्का लाजून हसल्या. "आमची टेप तेवढंच दाखवती," म्हणाल्या. हैदराबादेत लवकरच त्यांच्या मंडळींचं प्रदर्शन होतं. अक्कांचा तांबडा डबा मधोमध ठेवायचा, शेजारी अक्कांचं नाव लिहायचं, आणि अक्कांनी यायचं, असं त्यांनी आग्रहानं सांगितलं. गाडीची सोयही ते करणार होते.

अक्कांनी चहा दिला. मग छत उचलून त्यांना दाखवलं. "आत रिकामा हाय बघा. असा कसा धाडू?"

"आतलं कुणाला दिसणार आहे, अक्का? छत बंदच राहील."

"मला म्हायती हाय की रिकामा हाय."

पाहुण्यांनी खूप समजावलं, मीही समजावलं. पलीकडच्या खोलीत अण्णा पेपर धरून बसले होते. सगळं त्यांना ऐकू जात होतं. अक्कांनी एकदा त्या दाराकडं बघितलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बघू." पाहुणे गेल्यावर मी अण्णांकडं बघितलं. पेपर तसाच तोंडापुढं होता. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. प्रदर्शन झालं. त्यात अक्कांचं नाव कुठं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आम्ही तिघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. फाटकावरून मालगाडी गेल्याचा आवाज आला. अक्का हातातली शेंग न फोडता म्हणाल्या, "एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"भालकीतनं जाताना तुम्ही एकदाबी आमच्या बाजूला उभारला न्हाईत. मी फाटकाला येऊन उभारायची. तुमची पाठ दिसायची. कायम पाठ. कामून?"

अण्णा अक्कांकडं बघतच राहिले. "अगं, स्टेशन त्या बाजूला हाय की. गाडी स्टेशनातनं जाताना मास्तरला हिरवी झंडी दाखवावी लागती. तुझ्या बाजूला उभारलो असतो तर वरून मेमो आला असता."

"म्हणजे तुम्हाला म्हायती होतं, मी उभारायले म्हणून?"

"म्हायती नसायला काय झालं? गाव सुटलं की वळून बघायचो. तंवर तू लांब राहायचीस. लुगडं तेवढं दिसायचं."

"मग सांगायचं की ओ!"

"तू विचारलीस कधी?"

अक्का हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. अण्णा खाली मान घालून शेंगा फोडत राहिले, आणि फोडलेले दाणे स्वतःच्या वाटीत टाकायचे सोडून अक्कांच्या वाटीत टाकत गेले. त्या दिवसापासून त्या घरातलं बोलणं वाढलं. अण्णा स्वतःहून कधी तांडूरच्या सिमेंटची गोष्ट सांगत, कधी परळीच्या कोळशाची. रेल्वेनं गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरवलंय, असं त्यांनी सांगितलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "नाव मोठं दिलं. बसायला गादी दिली का?" अण्णा मोठ्यानं हसले. पण डब्याच्या आतली गोष्ट निघाली की ते अजूनही उठून जात. अक्का म्हणायच्या, "असू दे. येईल हळूहळू. आता कुठं जायचंय दोघांना?"

पण आजार आधीपासूनच पोटात बसलेला होता. अक्का जेवण टाळायला लागल्या, मग साडी सैल पडायला लागली. लातूरला नेलं. तपासणी झाली, आणि गाठ फार पुढं गेलीय असं डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बोलावून सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा अक्का खाटेवर पडून वॉर्डाच्या खिडकीचं माप डोळ्यांनी घेत होत्या. मला म्हणाल्या, "ही खिडकी माझ्या मापात केवढी होईल सांग." मी बोटांवर हिशेब करायला लागले, तेवढ्यात त्यांनीच सांगितलं. अण्णा पायाशी बसले होते. ते एकदम म्हणाले, "घरी चल. घरी गेलो की सांगतो तुला आतलं. सगळं सांगतो."

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. "व्हय?" एवढंच म्हणाल्या. त्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी नंतर पुष्कळदा आठवलंय.

घरी आणलं, पण दुखणं एवढं होतं की औषधं जोराची द्यावी लागत, आणि त्यामुळं अक्कांना सारखी गुंगी असे. अण्णा उशाशी बसून सांगायला सुरुवात करत. "दारातनं आत आलं की डाव्या हाताला बाक..." अक्का डोळे उघडत, "हं" म्हणत, आणि पुन्हा झोपत. अण्णा थांबत. त्या जाग्या झाल्या की पुन्हा तिथूनच सुरू करत. बाकाच्या पुढं ती गोष्ट गेलीच नाही. एका सकाळी अक्का गेल्या.

दिवस वगैरे सगळं झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, एका रविवारी दुपारी अण्णांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. मी गेले. अक्कांच्या शिवणयंत्रावर तो तांबडा डबा ठेवलेला होता, छत काढलेलं. आत काड्यापेटीच्या काड्या चिकटवून केलेला एक बाक होता. वाकडा, एका बाजूला उचललेला, डिंकाचे डाग पडलेला. शेजारी बाटलीच्या बुचातून कापलेला पाण्याचा डेरा.

"मी केलो," अण्णा म्हणाले. "जमलं न्हाई. माप चुकलंय. पण जागा बरोबर हाय. इथं बाक. इथं पाणी. इथं माझी पेटी, झंड्या असायच्या त्यात." मग ते माझ्याकडं वळले. "टीचर, तुम्हाला सांगतो. तिला सांगायला लाज वाटली."

मी खाली बसले.

"आत दिवा नसायचा. गाडी मधेच थांबायची, विकाराबादच्या जंगलात. इंजिन कुठल्या कुठं पुढं. मागं मी एकटा. हातातली बॅटरी लावावी तर चोरांना दिसेल. म्हणून अंधारात बसायचो. दाराला पाठ लावून. एकदा कुणीतरी दगड मारला, इथं कपाळाला. घरी येऊन सांगितलो, पाय घसरला. प्रत्येक खेपेला भीती वाटायची. बायकोला काय सांगू? ती फाटकाला उभारून बघायली, माझा नवरा गाडी सांभाळतो म्हणून. आणि मी हितं असा बसायलो." त्यांनी बोटानं डब्याचा एक कोपरा दाखवला. "सांगितलो असतो तर काय केली असती ती?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"आत एक दिवा बसवली असती. दुसरं काय!"

मग त्यांनी विचारलं, "एवढा बारका दिवा मिळतो का ओ?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक लहानसा एलईडी आणि तीन व्होल्टचा बटणासारखा सेल घेऊन आले. तो दिवा अक्कांच्या मापात फारच मोठा होता, माणसाच्या डोक्याएवढा दिसला असता. मी तसं म्हटलं. "दिसू द्या," अण्णा म्हणाले. डाख देणं दोघांनाही येत नव्हतं. म्हणून अण्णांनी दिव्याच्या दोन तारांमध्ये सेल धरला आणि चिमटीत दाबला. दिवा लागला. अंधार व्हावा म्हणून मी दार लोटून घेतलं. त्यांनी हात डब्याच्या आत धरला, आणि तो वाकडा बाक, तो बुचाचा डेरा, अक्कांनी मागून एकेक टिंब दाबलेल्या त्या भिंती, सगळं उजळलं.

अण्णांनी चिमटी सोडली नाही.

"बघ," ते हळूच म्हणाले.

मला ते आजवर कधीही एकेरी बोललेले नाहीत.